सुईवर राहिलेली कार्डं

शेवगावच्या बाजारतळामागं एका ट्रस्टचा क्षयाचा दवाखाना होता. रतन साळवे तिथं कार्डं सांभाळायच्या कामाला लागली ती सत्तर सालच्या उन्हाळ्यात. त्याआधी दीड वर्ष ती त्याच दवाखान्याच्या पायरीवर पेशंट म्हणून बसलेली होती. मॅट्रिक झालेली, लग्न ठरून मोडलेलं, आणि छातीच्या फोटोत उजव्या बाजूला रुपयाएवढा डाग. चौथ्या महिन्यात तिचा खोकला थांबला, अंगावर मांस आलं, तेव्हा घरात सगळे म्हणायला लागले की आता बरी झाली, कशाला एसटीचे हेलपाटे. एकटा बाप, रखमाजी, अडून बसला. त्यानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून एक सवय लावून घेतली होती, की शिकलेल्या माणसानं कागदावर लिहून दिलं ते पुरं करायचं. डॉक्टरनं अठरा महिने लिहिले होते. रखमाजीनं पोरीला अठरा महिने आणलं.

म्हणून रतनला एक गोष्ट दवाखान्यातल्या कुणाहीपेक्षा पक्की ठाऊक होती. खोकला असतो तोवर माणूस येतो. खोकला थांबतो त्या महिन्यात तो यायचा थांबतो, आणि खरा घात तिथंच होतो.

दवाखान्यात तेराशेवर पेशंट होते. प्रत्येकाला महिन्यातून एकदा येऊन महिन्याच्या गोळ्यांचं पाकीट न्यायचं असे. पहिल्या आठवड्यात येणारे, दुसऱ्यातले, तिसऱ्यातले, चौथ्यातले, असे कार्डांचे चार गठ्ठे होते. शनिवारी त्या आठवड्याचा गठ्ठा काढायचा, एकेक कार्ड उलटायचं, मागच्या बाजूची तारीख वाचायची आणि न आलेल्यांची यादी करायची. तीनशे-सव्वातीनशे कार्डं. शनिवारी बसलं की सोमवारी दुपारी यादी व्हायची. मग ती हेडक्लार्क आप्पासाहेब गर्जे यांच्या टेबलावर जायची. आप्पासाहेबांचं अक्षर मोत्यासारखं. ते प्रत्येक नाव रजिस्टरात चढवायचे, गाव, तालुका, गोळ्यांच्या पाळीची तारीख, शेरा. डॉक्टर मंगळवारी पाथर्डीला जायचे, म्हणून सही बुधवारी. आणि गुरुवारी शिपाई कानिफनाथ सायकलला पिशवी अडकवून गावोगाव निघायचा.

एकाहत्तरच्या पावसाळ्यात असाच तो बोधेगावकडच्या एका वस्तीवर गेला. रंगनाथ नावाचा वीस-बावीस वर्षांचा पेशंट होता. त्याच्या आईनं सांगितलं, "परवा गेला. टरकावर किन्नर म्हनून. कुटल्या टरकावर ते न्हाई सांगितलं."

कानिफनाथानं परत येऊन हे सांगितलं तेव्हा रतननं कार्ड हातात घेतलं. पाळी चुकल्याला तेरावा दिवस होता. दहाव्या दिवशी कुणी गेलं असतं तर तो भेटला असता. तिनं ते कार्ड जागेवर ठेवलं नाही. टेबलाच्या काचेखाली सरकवलं आणि डॉक्टर मुथांच्या खोलीत गेली.

"सर, यादी करायला तीन दिवस लागतात. दुसरी काही रीत नाही का?"

डॉक्टर मुथा पन्नाशीचे, घाईत बोलणारे, पण ऐकून घेणारे गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला. "बंगलोरच्या ट्रेनिंगमध्ये एक प्रकार दाखवला होता. मी दोन खोकी घेऊनही आलो. कपाटावर आहेत बघ."

खोक्यांत पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराची जाड कार्डं होती. प्रत्येकाच्या वरच्या आणि खालच्या कडेला बारीक भोकांची रांग. सोबत लांब सळई, स्वेटर विणायच्या सुईसारखी, आणि एसटीचा कंडक्टर तिकिटाला टोचतो तसला एक चिमटा. डॉक्टरांनी दहा कार्डं घेऊन दाखवलं. भोक आणि कार्डाची कड यांच्यामधली पट्टी चिमट्यानं तोडली की भोकाची खाच होते. मग गठ्ठा सरळ धरून त्या भोकांतून सुई घातली आणि उचलून हलवलं, की खाच असलेली कार्डं खाली पडतात आणि ज्यांचं भोक शाबूत आहे ती सुईवर लटकून राहतात.

रतननं सुई हातात घेतली, तीच दहा कार्डं पाचसहा वेळा उचलली, पाडली. मग म्हणाली, "वरच्या कडेला ह्या वर्षाचे बारा महिने. खालच्या कडेला पुढच्या वर्षाचे. माणूस आला, पाकीट घेतलं, की त्याच्यासमोर त्या महिन्याची खाच पाडायची. शनिवारी त्या महिन्याच्या भोकात सुई घातली की आलेले खाली पडतील. सुईवर राहिले ते न आलेले. वाचायचं कामच नाही."

"तेराशे कार्डं नव्यानं लिहावी लागतील."

"लिहिते."

तिनं ती लिहिली. रोज पेशंट संपले की बसायची आणि शेवटच्या एसटीच्या वेळेला उठायची. बाहत्तरचा जानेवारी उजाडला तेव्हा चारही गठ्ठे नव्या कार्डांचे झाले होते.

अडचण आली ती दुसऱ्याच शनिवारी. सुईवर एकोणीस कार्डं राहिली होती. वीस मिनिटांचं काम झालं होतं. रतननं ती एकोणीस कार्डं सरळ कानिफनाथाच्या पिशवीत घातली. आप्पासाहेब खुर्चीतून उठले.

"हे काय चाललंय, रतनबाई? रजिस्टरला नोंद नाही, डॉक्टरांची सही नाही, आणि माणूस बाहेर काढता?"

"आप्पासाहेब, नोंद तुम्ही सावकाश करा. तो परत आला की करा. पण त्याला आत्ता जाऊ द्या."

"उद्या कुणी विचारलं, कुणाच्या हुकमानं गेला, तर काय सांगू?"

"कार्ड सुईवर राहिलं म्हणून गेला."

"सुई काय साहेब आहे?" आप्पासाहेब रागावले नव्हते, खरोखर बुचकळ्यात पडले होते. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असं काम पाहिलं नव्हतं, की जे कुणी वाचलं नाही, कुणी मंजूर केलं नाही आणि तरी सुरू झालं.

भांडण डॉक्टरांपर्यंत गेलं. रतननं काचेखालचं रंगनाथचं कार्ड काढून त्यांच्यापुढं ठेवलं. डॉक्टरांनी ते वाचलं. "आप्पासाहेब, तीन महिने असं करून पाहू. सुईवर राहिलं की निघायचं. मधे कुणाला विचारायचं नाही."

तीन महिन्यांत फरक दिसला. शनिवारी अकरा वाजता कानिफनाथ बाहेर पडायला लागला. पाळी चुकल्याच्या चौथ्या, पाचव्या दिवशी तो दारात उभा असे. माणसं शेतात सापडायची, बाजारात सापडायची, लग्नाच्या मांडवात सापडायची. उन्हाळ्यापर्यंत गावोगाव बोलबाला झाला की दवाखान्याच्या गोळ्या चुकवल्या तर सायकल येती. कुणी हसून सांगायचं, कुणी कौतुकानं. रतनला ते ऐकून बरं वाटायचं. तीन महिन्यांची मुदत केव्हा संपली ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

मग तो दुष्काळ आला. सलग दुसऱ्या साली शेतं उभी राहिली नाहीत आणि पाथर्डी-शेवगावकडची अर्धी माणसं दुष्काळी कामांवर गेली. कुठं पाझर तलाव, कुठं रस्त्याची खडी. पत्ता गावाचा आणि माणूस दहा मैलांवरच्या तळावर, असं व्हायला लागलं. कानिफनाथाची पायपीट दुप्पट झाली. दवाखान्यातली गर्दीही वाढली, कारण उपाशी अंगाला हा रोग लवकर धरतो. सप्टेंबरात रतन एका हातानं पाकीट देत होती आणि दुसऱ्या हातानं खाच पाडत होती. रांग पायरीखाली जायची.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी सुईवर सव्वीस कार्डं राहिली. त्यात एक कडूबाईचं होतं. तिसगावकडच्या एका गावची, पंचवीस वर्षांची, नवरा कारखान्यावर ऊसतोडीला गेलेला, पदरात चार वर्षांची छबू आणि घरात सासू. उपचाराचा सहावा महिना. सोमवारी कानिफनाथ परत आला.

"घराला कुलूप हाय. तिसगावच्या अलीकडं खडीचं काम हाय, तितं गेलीत समदी." तो पाणी प्याला. "बाई, एक इचारू का? ही कडूबाई मागच्या म्हैन्यात आल्ती का?"

"आली असेल. आली नसती तर तेव्हाच सुईवर राहिली असती."

"न्हाई, शेजारनीनं सांगितलं, दसऱ्यापास्नं ती शेवगावला गेलीच न्हाई म्हनून."

रतननं कार्ड उलटलं. मागं तारखा लिहिलेल्या होत्या, तिच्याच अक्षरात. सप्टेंबर एकोणीस. त्याखाली काही नाही. ऑक्टोबरची ओळ कोरी होती.

तिनं कार्ड पुन्हा सुलट केलं आणि खिडकीपाशी नेलं. सप्टेंबरची खाच स्वच्छ होती, चिमट्यानं चावलेली. शेजारच्या ऑक्टोबरच्या भोकाची कड फाटली होती. चिमटा तिरका बसला होता आणि दोन भोकांमधला कागद उचकटून पुढचं भोकही उघडं पडलं होतं. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सुई उचलली तेव्हा कडूबाई आलेल्यांबरोबर खाली पडली होती. तिला कुणी हाक मारायला गेलं नव्हतं.

चिमटा रतनच्याच हातातला होता.

"कानिफनाथ, ऑक्टोबरात तुम्ही त्या गावाला गेला होता का?"

"गेल्तो की. लंकाबाईचं कार्ड हुतं. भिंतीला भिंत." कानिफनाथ खाली बघत म्हणाला, "कडूबाईच्या दारात पानी पेलो, बाई मी. तिनंच दिलं. तिचं कार्ड पिशवीत नव्हतं म्हनून इचारलं न्हाई."

रतन डॉक्टरांकडं गेली आणि कार्ड त्यांच्यापुढं ठेवून जे झालं ते एका दमात सांगितलं. दाराशी आप्पासाहेब कधी येऊन उभे राहिले ते तिला कळलं नाही.

"रजिस्टर असतं तर हे झालं नसतं," ते म्हणाले. टोचून नाही, शांतपणे. तेच तिला जास्त लागलं.

"उद्या मी स्वतः जाते," ती डॉक्टरांना म्हणाली. "आधी तिला आणते. बाकीचं आल्यावर बोलू."

सकाळच्या एसटीनं ती आणि कानिफनाथ तिसगावच्या अलीकडं उतरले. सायकल टपावर टाकून आणली होती. रस्त्याच्या कडेनं मैलभर माणसंच माणसं. बाया डोक्याला फडकी बांधून खडी फोडत होत्या. डबरावर हातोडी बसल्याचा आवाज एकसारखा चालू होता. मध्यावर हजेरीचा तंबू आणि त्याच्या बाजूला सुकडीचं कोरडं खाणं वाटायचे पत्र्याचे डबे. कडूबाईला शोधायला तासभर लागला. ती एका ढिगाऱ्याच्या आडोशाला बसून खडी फोडत होती, आणि चार घाव घातले की थांबत होती. रतननं तिला सहा महिन्यांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं होतं त्यापेक्षा ती आता बरी दिसायला हवी होती. तशी ती दिसत नव्हती. छबू शेजारी मातीत बसून खोकत होती.

"वळखलं का, कडूबाई? दवाखान्यातली रतन."

कडूबाईनं हातोडी खाली ठेवली. तिला आनंद झालेला दिसला, त्यानं रतनला आणखीच अवघड झालं. "आता का आलीस बाई? मी तर बरी झाले म्हनून बसले हुते."

"कुणी सांगितलं बरी झाली म्हणून?"

"सांगायला कशाला पायजे? लंकाबाई गेली न्हाई तर सायकल तिच्या दारात आली. मी बी गेले न्हवते, पोरगी तापानं फनफनली हुती. मी दारातच उभी हुते. म्हनलं, आता माज्याकडं येतील. शिपाई आले, पानी पेले आन् गेले. म्हनलं, मंजी आपलं सपलं. दवाखान्याला समदं ठावं असतंय, गरज असती तर बोलीवलं असतं." ती थांबून खोकली, पदर तोंडाला लावला, आणि पदराची घडी पटकन मिटली. रतननं तिचा हात धरला आणि ती उघडली. लाल डाग होता.

"कधीपासून?"

"दिवाळीपास्नं."

रतन खाली मातीत बसली. बसूनच बोलली. "कडूबाई, तू बरी झाली नव्हतीस. दवाखान्याला ठावं नव्हतं. तुज्या कार्डाला माज्या हातून चुकीचं भोक पडलं. म्हणून तुला बोलावणं आलं न्हाई. ह्यांची चूक न्हाई, माजी हाय."

कडूबाईला ते नीट कळलं नाही. पण सासूला कळलं. राहीबाई पलीकडच्या ढिगाऱ्यावर बसली होती, ती उठून आली. "मंजी कागदाला भोक पडलं आन् आमच्या सुनंच्या तोंडातनं रगात आलं. आन् आता काय सांगायला आलीस?"

"न्यायला आलेय, मावशी."

"ती आली तर हिची हजेरी कोन भरील? हजेरी न्हाई तर सुकडी न्हाई. पोरगी काय खाईल?"

रतन उठली आणि तंबूकडं गेली.

तळावरचा ओव्हरसिअर नगरकडचा एक तरुण माणूस होता. त्यानं टी.बी. हा शब्द ऐकला आणि वही बंद केली. "नाव काढून टाकतो. दोन हजार माणसं आहेत इथं. उद्या बोंब झाली तर काम बंद पडेल."

"नाव काढलंत तर ती जाईल कुठं?"

"तो माझा प्रश्न नाही."

"तुमचाच आहे, साहेब. ती दुसऱ्या तळावर जाईल, दुसरं नाव सांगेल आणि तिथं खोकेल. तिला शोधायला मला पुन्हा दोन महिने लागतील. इथं असली तर मला सापडेल. आजपासून इंजेक्शनाची सुई सुरू झाली की दोन-तीन आठवड्यांत तिच्यापासून कुणाला धोका राहणार नाही."

"मला ते शक्य नाही."

"मग मी बसते," असं म्हणून रतन तंबूच्या सावलीला बसली. ओव्हरसिअरनं तिच्याकडं दुर्लक्ष केलं. तो मोजमापाला गेला, आला, जेवला. ती बसलेलीच. मधेच तिनं कानिफनाथाला सायकलवर तिसगावच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं आणि तिथला कंपाउंडर सुया टोचायला तयार आहे का ते विचारून घेतलं. तो तयार होता. दुपारी तीनला ओव्हरसिअरनं विचारलं, "तुम्हाला एवढी खात्री कशावरून आहे, की ती बरी होईल?"

"मी झाले," रतन म्हणाली. "माझ्या उजव्या छातीत होता."

त्यानं वही उघडली. नाव राहील. तळाच्या पार शेवटच्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या बाजूला एकटीनं बसून खडी फोडायची. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सुईला जायची मुभा, आणि त्या दिवशी हजेरी अर्धी मांडायची नाही, पुरी मांडायची. शेवटचं कलम रतननं घालून घेतलं.

छबूला तिनं त्याच दिवशी शेवगावला नेलं. राहीबाई सोबत आली. पोरीच्या छातीच्या फोटोत गाठ निघाली. वर्षभर गोळ्या. संध्याकाळी पाथर्डीहून परतल्यावर डॉक्टर म्हणाले, वेळेत सापडलं. पण रतनला ठाऊक होतं, की त्याहून आधीची एक वेळ होती आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी ती उठून तेराशे कार्डांना बसली. प्रत्येक कार्डाची पुढची खाच आणि मागची तारीख ताडून पाहायची. पेशंट आले की उठायचं, गेले की पुन्हा बसायचं. चार दिवस लागले. अशी आणखी तीन कार्डं सापडली. दोघांकडं कानिफनाथ त्याच दिवशी गेला आणि ते भेटले. तिसरा म्हातारा होता, तो दिवाळीतच गेला होता. गोळ्यांअभावी गेला की म्हातारपणानं, ते सांगता येत नव्हतं. त्याचं कार्ड रतननं रंगनाथच्या कार्डाशेजारी ठेवलं.

शनिवारी डॉक्टरांनी दोघांना बोलावलं. "रतन, मला वाटतं हे आपण थांबवावं. जुन्या पद्धतीत उशीर व्हायचा, पण माणूस असा पूर्ण निसटत नव्हता."

"निसटत होता, सर. रंगनाथ निसटला. त्याच्या आधीचे किती निसटले ते आपण मोजलं नाही इतकंच. थांबवायचं नाही. सुई चुकली तर चुकल्याचं आपल्याला त्याच दिवशी कळायला पाहिजे, तेवढं करायचंय." ती आप्पासाहेबांकडं वळली. रात्रंदिवस तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, पण ती विचारायला तिला धीर गोळा करावा लागला. "आप्पासाहेब, गोळ्यांची पाकिटं तुमच्या साठ्याच्या वहीतून जातात ना? ऑक्टोबरात तिसऱ्या गठ्ठ्याच्या लोकांना किती पाकिटं गेली, ते निघेल का?"

आप्पासाहेबांनी जाऊन वही आणली. बोट फिरवत त्यांनी बेरीज केली, आणि सवयीनं दुसऱ्यांदा केली. "दोनशे शहाण्णव."

रतननं तिसरा गठ्ठा आणून ऑक्टोबरच्या भोकांतून सुई घातली, पन्नास-पन्नास कार्डांनी. पडलेली कार्डं टेबलावर जमली. कडूबाईचं त्यात होतं. तिनं मोजली आणि आप्पासाहेबांपुढं सरकवली. "तुम्ही मोजा."

आप्पासाहेबांनी मोजली. मग पुन्हा पहिल्यापासून मोजली.

"दोनशे सत्त्याण्णव," ते शेवटी म्हणाले. "पाकिटं दोनशे शहाण्णव आणि आलेली माणसं दोनशे सत्त्याण्णव. म्हणजे हा फरक त्या शनिवारी माझ्या वहीतून निघाला असता." त्यांनी वही मिटली. "तुम्ही विचारलं नाही. आणि मी, रागात होतो म्हणून, तुमच्या टेबलाकडं फिरकलो नाही."

"मला सुचलं नाही," रतन म्हणाली.

"मला सुचायला पाहिजे होतं. जन्म आकड्यांत गेला."

त्या दिवसापासून रीत ठरली. सुईतून पडलेली कार्डं आप्पासाहेब मोजणार, साठ्याच्या वहीशी ताडणार, आणि आकडा जुळला की कानिफनाथ निघणार. जुळला नाही तर सुईवरची कार्डं घेऊन तो निघणारच, पण पडलेल्यांतून चुकीचं कार्ड सापडेपर्यंत कुणी टेबल सोडायचं नाही. चिमट्याचा जबडा रतननं बाजारातल्या लोहाराकडून घासून बारीक करून घेतला. खाच पाडायला आता ती बसूनच घ्यायची, उभ्यानं नाही, रांग कितीही लांब असो. रांगेतून कुणी कुरकुरलं तर म्हणायची, "थांबा मामा, हे तुमचंच काम चाललंय."

कडूबाईच्या सुया दोन महिने चालल्या. पहिल्या पंधरवड्यात कानिफनाथ दिवसाआड तळावर जाऊन बघून यायचा, कुणी सांगितलं नव्हतं तरी. डिसेंबरच्या शेवटी थुंकीत काही निघालं नाही. पण तिला पुन्हा पहिल्यापासून अठरा महिने मोजावे लागले. रतननं तिला नवीन कार्ड दिलं, तेव्हा कडूबाई ते उलटंसुलटं करून बघत म्हणाली, "ह्यातलं माजं भोक कुटलं?" रतननं दाखवलं. पुढच्या वेळी आली तेव्हा तिनं आधी रतनचा हात थांबवला, वाकून चिमटा कुठं बसलाय ते पाहिलं आणि मग मान हलवली. तिचं बघून मागची लंकाबाईही तसंच करायला लागली. महिन्याभरात पायरीवर बसलेली निम्मी माणसं आपापली खाच स्वतः तपासून घ्यायला लागली. वाचता येत नव्हतं तरी चालत होतं, भोकं मोजता येत होती.

राहीबाई मात्र रतनशी बोलली नाही. छबूला घेऊन ती दर महिन्याला यायची, पाकीट घ्यायची, खाच डोळ्यांनी पाहायची आणि जायची. रतननंही कधी बोलायचा आग्रह धरला नाही.

त्र्याहत्तरच्या ऑगस्टातल्या एका शनिवारी पाकिटं तीनशे चार भरली आणि कार्डं तीनशे पाच. कानिफनाथ अकरालाच निघून गेला होता. आप्पासाहेबांची पाथर्डीची एसटी साडेबाराची होती, घरी पाहुणे यायचे होते. रतन म्हणाली, "तुम्ही जा, मी बघते."

आप्पासाहेबांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला. "निम्मी इकडं द्या," ते म्हणाले.

दोघं समोरासमोर बसून कार्डं उलटत राहिले. साडेबाराची एसटी बाजारतळावरून वळून गेली, त्यांनी मान वर केली नाही. एक वाजून गेल्यावर आप्पासाहेबांनी एक कार्ड उजेडात धरलं, मागची कोरी ओळ बोटानं दाखवली आणि रतनपुढं ठेवलं. बालमटाकळीचा एक सुतार होता. उपचाराचा चौथा महिना.

कानिफनाथ दुसऱ्या दिशेला गेलेला होता. रतननं कार्ड पदरात खोचलं आणि पायात चप्पल घातली. बालमटाकळीकडं जाणारी गाडी दीड वाजता होती.